दोनदा थोपटल्याशिवाय

४ फेब्रुवारी

बाबा,

मायना गाळलाय, तो मुद्दाम. रागावलेल्या सुनेचं पत्र आहे, तसंच वाचा. फोन तुम्ही उचलत नाही. ऐकू येत नाही म्हणता. पण ताई म्हणाल्या, शेजारच्यांचा रेडिओ तुम्हाला भिंतीपलीकडून बरोब्बर ऐकू येतो आणि त्यातल्या बातम्यांवर तुम्ही वादही घालता. म्हणजे कान जागेवर आहेत. म्हटलं, डोळेही असतील. म्हणून लिहितेय.

तुमच्या मुलाची मॅच ठरली. बॉक्सिंगचं हेवीवेट अजिंक्यपद. पेपरात तुम्ही वाचलंच असणार, आणि वाचून पेपर घडी घालून बाजूला ठेवला असणार, जसं काही कोणा परक्याचं चाललंय. इथे सगळीकडे पोस्टरं लागलीत. वर मोठ्या अक्षरांत त्याचं रिंगमधलं नाव, 'घण', खाली हा, दात-ओठ खात. बाजाराच्या वळणावरच्या पोस्टरवर ठकीने बापाला पेनाने मिशा काढल्या. मी ओरडले तर म्हणते, "आजोबांसारखा दिसावा म्हणून."

तुम्ही गेल्याला वर्ष होत आलं. तुमच्या शेवटच्या मॅचला तुम्ही रिंगच्या कडेवर चढून ती थांबवलीत आणि नंतर कपडे बदलायच्या खोलीत तो सगळ्यांदेखत तुमच्यावर खेकसला, "तुम्हाला माझं वर गेलेलं बघवत नाही." मी तिथेच होते, त्याच्या भुवईवर कापूस दाबून. तुम्ही जिमच्या किल्ल्या खुर्चीवर ठेवल्यात आणि लेकीकडे, ताईंकडे, निघून गेलात. तो चुकला, शंभरदा चुकला. पण माझं काय चुकलं होतं, बाबा?

मला या भानगडीत आणलं कोणी? हॉस्पिटलच्या ड्रेसिंगच्या खोलीत मी सुखाने लोकांच्या जखमा धूत होते. तुम्ही या धिप्पाड पोराची फुटलेली भुवई घेऊन आलात. मी रक्त थांबवलं, आणि तुम्ही पोराकडे बघायचं सोडून माझ्या हाताकडे बघत बसलात. "पोरी, तुझा हात कापत नाही गं." आधी रिंगच्या कोपऱ्यात उभं राहायला शिकवलंत, मग सून करून घरात आणलंत. लोक उलटं करतात.

नवे कोच वाईट नाहीत. मेहनती आहेत, त्याच्यावर जीवही आहे, फक्त बोलतात फार. कोपऱ्यात तोंड एकच, मुख्याचं, हा तुमचा नियम त्यांनीही ठेवलाय. म्हणजे ते बोलतात, आणि मी नि बादलीकाका मूग गिळून गप्प. दिवसभर माझी टकळी चालू असते हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन फेऱ्यांमधल्या त्या एका मिनिटात माझे काय हाल होतात ते माझं मला माहीत.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. नव्या कोचांबरोबरची पहिली मॅच. पहिली फेरी झाली, हा स्टुलावर बसला, मी जखम बघितली, कोचांनी प्रवचन दिलं, शिट्टी झाली. शिट्टी झाली की स्टूल ओढायचं आणि आपण सगळ्यांनी बाहेर पडायचं. बादलीकाका स्टूल ओढायला वाकले आणि हा उठेचना! नुसता बसून. कोच म्हणतात ऊठ, काका म्हणतात ऊठ, हा आपला समोर बघतोय. कोचांचा चेहरा पांढराफटक. त्यांना वाटलं गडी आटोपला. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी दोरांमधून हात घातला आणि त्याच्या उजव्या खांद्यावर दोनदा थोपटलं. उठला की, शहाण्या बैलासारखा!

लहानपणापासून तुम्हीच लावलेली सवय. पोरगा जड, आळशी, बसला की बसला, म्हणून दोनदा थोपटून उठवायचात. एकदा 'ऐकलंस ना', दुसऱ्यांदा 'ऊठ'. तो म्हणतो, मुद्दाम करत नाही, पाय आपले आपण ऐकत नाहीत. कोचांनी त्या दिवशी हात टेकले आणि ते काम माझ्याकडे दिलं. तेव्हापासून कापूस, बर्फ आणि थोपटणं अशी माझी तीन खाती.

तुम्ही या. कोपऱ्यात नका उभे राहू, लोकांत बसा, पण या. त्याच्या डोळ्याचं ताईंनी विचारलं होतं. डोळा ठणठणीत आहे.

तुमची सून

१९ फेब्रुवारी

बाबा,

"रक्त थांबव, तोंड आवर." ताईंकडून एवढाच निरोप आला. वर्षभराने सासऱ्यांनी बोलावं आणि हे बोलावं! तरी मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पत्र वाचलंत म्हणायचं.

आता तोंड आवरत नाही, कारण मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलंय. डोळा ठणठणीत नाही.

तुम्ही गेल्यावर त्या आठवड्यातच कळलं. डाव्या डोळ्यातल्या मागच्या पडद्याला चीर गेली होती. लेझरने चिकटवली. तुम्हाला कळवायचं नाही असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं. "बाबा म्हणतील, मी सांगत होतो." तुम्ही तसं म्हणाला नसतात, ते मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. चीर भरली, डॉक्टरीणबाईंनी तपासलं, खेळायला परवानगी दिली. पण जाताना मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "कडेने काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं की त्या क्षणी थांबायचं. त्यानंतरचा एकेक ठोसा म्हणजे डोळ्याशी जुगार." त्यालाही सांगितलं. त्याने मान डोलावली. मला वचन दिलं, तसं वाटलं तर सांगीन.

सांगेल! दात पडला तर गिळेल पण सांगणार नाही, असा हा माणूस.

परवा जेवताना डाव्या हाताचा पेला त्याने सांडला. टेबलावर त्या बाजूला दुसरं काही नव्हतं, तो एकच पेला. म्हणतो, "किती गर्दी करून ठेवता टेबलावर!" मी ओढत त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घालून, दिवा मारून, वर-खाली-आजूबाजूला बघितलं. म्हणाल्या, आज तरी सगळं जागच्या जागी आहे. मग कदाचित माझंच डोकं फिरलंय. पण तो पेला माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

नको खेळूस म्हणून सांगून बघितलं. आधी गोडीत, मग रडून, मग भांडी आपटून. तो म्हणतो, "एवढी एकच. पट्टा आला की हातमोजे खुंटीला." हे 'एवढी एकच' मी लग्नापासून ऐकतेय. पण या वेळी त्याचं खरं असावं, म्हणून जास्त भीती वाटते. शेवटची म्हटली की माणूस काही हातचं राखत नाही.

कोचांनाही सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, डोळ्याच्या डॉक्टरांनी पास केलं, तिथे मी कोण? आणि काही झालंच तर तो सांगेल की." मॅच थांबवायचा अधिकार कोपऱ्यातल्या मुख्याचा, हेही तुम्हीच शिकवलेलं. मी फक्त कापूसवाली. तुम्ही मुख्य होता तेव्हा मी मॅचच्या आदल्या दिवशी जेवायची तरी. आता घास उतरत नाही.

मी तुम्हाला दोष द्यायला बसले नव्हते. पण तुम्ही असायला हवे होतात. झालं लिहून.

तुमची सून

१६ मार्च, सकाळ

बाबा,

आज.

हॉटेलच्या खोलीत आहे. तो अंडी खातोय, सहावं चालू आहे. ठकी माझ्या आईकडे. तिने बापाला निरोप दिलाय, "हरलास तरी मिशांचं पोस्टर फाडू नकोस."

काल वजनाच्या वेळी चॅम्पियनला जवळून बघितलं. याच्यापेक्षा चांगला वीतभर उंच, हात गुडघ्याला टेकतील असे लांब. वागायला मात्र सभ्य. मला बघून म्हणाला, "तुम्हीच का रक्त थांबवता? उद्या तुम्हाला काम देतो." मी म्हटलं, "तुमच्या कोपऱ्यात कोण आहे, त्यांनाही जेवून यायला सांगा." तो खोखो हसला. हाही हसला. बरेच दिवसांनी हसला.

आत्ता विचारतोय, पत्र कोणाला? म्हटलं, तुझ्या बाबांना. त्याने अंडं संपवलं. मग म्हणाला, "लिही, इथलं स्टूल उंच आहे म्हणावं. बाबा असते तर पाय कापून घेतले असते."

पाठवते. पोचेल तेव्हा सगळं झालेलं असेल.

तुमची सून

१७ मार्च

बाबा,

हरला. रेडिओवर ऐकलंच असेल.

जिवाला धोका नाही. चालतोय, बोलतोय, चिडतोय. डोळ्यांच्या हॉस्पिटलात आहोत. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन चाललंय, मी बाहेर बाकावर आहे.

लोक म्हणतायत 'घण' भ्याला, पुढे असून स्टुलावरून उठला नाही. पेपरात तेच येईल. तुम्ही विश्वास ठेवू नका. तो का उठला नाही ते मला माहीत आहे. आज लिहवत नाही. हात कापतोय, बघा, अक्षर कसं आलंय. तुम्ही म्हणायचात कापत नाही.

सून

२० मार्च

बाबा,

आता सगळं लिहिते. चहा घेऊन बसलेय. तो पलंगावर घोरतोय, डाव्या डोळ्यावर ही एवढी पट्टी. त्याच्या घोरण्याने मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेवट आधी सांगते, म्हणजे तुम्ही धपापत वाचणार नाही. डोळा वाचला. पडदा एका कडेने सुटला होता, मधल्या भागापर्यंत पोचला नव्हता. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वेळेवर आलात." त्या 'वेळेवर'ने माझा जीव भांड्यात पडला. बाकावर बसून अशी ढसाढसा रडले की त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

आता मॅच. पहिल्या तीन फेऱ्या दोघं एकमेकांना जोखत होते. चॅम्पियनचा उजवा हात निघाला की थेट आपल्या डाव्या डोळ्याच्या पत्त्यावर. हा मान खाली घालून चुकवत होता, तुम्ही शिकवलेलं तसं. आणि चौथ्या फेरीत, बाबा, काय सांगू! डावा बरगडीत, आणि तो वाकला तसा उजवा हनुवटीवर. चॅम्पियन खाली! सगळं सभागृह उभं राहिलं. बादलीकाका नियमबियम विसरून "मार!" म्हणून ओरडले, आणि बादली माझ्या पायावर सांडली. चॅम्पियन उठला. पण त्यानंतर तो चार हात लांब राहून खेळत होता. सातव्या फेरीपर्यंत आपण स्वच्छ पुढे. कोच आनंदाने बोलायचेही थांबले होते, यावरून ओळखा.

आठव्या फेरीत भुवई फुटली. जुनीच जागा. मी एका मिनिटात रक्त बंद केलं. पंच वाकून बघून गेले आणि त्यांना काही सापडलं नाही, हे अभिमानाने सांगते.

नववी फेरी संपवून तो कोपऱ्याकडे आला. येताना हात पुढे करून त्याने दोर चाचपला. जरासाच. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, दमलाय. बसला. मी औषधाचा कापूस लावलेली काडी घेऊन डाव्या बाजूने वाकले. बाबा, तुम्हाला माहीत आहे, ठोशाला न घाबरणारा हा माणूस माझ्या काडीला किती घाबरतो. लांबून दिसली तरी डोळा मिटतो, नाक मुरडतो. या वेळी काहीच नाही. काडी जवळ नेली. पापणी हलली नाही. पापणीच्या केसांना कापूस लागला तेव्हा तो दचकला.

मला कळलं. तरी हात चालत राहिले, हातांना थांबायचं कळत नाही. रक्त पुसलं, औषध दाबलं, मलम लावलं. कोच समोर उकिडवे बसून म्हणत होते, "तीन राहिल्या. तीनच. पट्टा आपला आहे." आणि मी तोंड उघडलं. तुमचा नियम मोडला. म्हटलं, "त्याला डावीकडचं दिसत नाहीये."

कोचांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "दिसतंय ना रे?"

"दिसतंय," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

मी त्याला म्हटलं, "तू मला वचन दिलं होतंस." तो समोर बघत राहिला. कोच म्हणाले, "वहिनी, आत्ता नको." ते वाईट नाहीत, बाबा. त्यांच्या तोंडाशी घास आला होता, आणि खेळणाराच म्हणतोय दिसतंय. शिट्टी झाली. कोच दोरांमधून बाहेर पडले. बादलीकाकांनी स्टुलाला हात लावला. आता थोपटायचं, ते माझं काम.

हात उचलला होता मी. त्याच्या खांद्यापाशी नेलाही होता. आणि तो मी मागे घेतला.

ठरवून काही केलं नाही. मला वाटलंही नव्हतं की त्याने काही होईल. एवढा आडदांड माणूस, अजिंक्यपद तीन फेऱ्यांवर आलेलं, सभागृह बोंबलतंय, त्याला माझ्या थोपटण्याचं काय अडलंय? उठेल आपला. पण माझ्या हाताने त्याला तिकडे पाठवणं माझ्याच्याने होईना. दुसरं काही करायचा मला अधिकार नव्हता. हे एवढंच माझं होतं.

तो वाट बघत होता. मग त्याने मान वळवली. पूर्ण डावीकडे, उजव्या डोळ्याने मी दिसेपर्यंत. माझ्याकडे बघितलं. माझे दोन्ही हात मी पोटाशी धरले होते. मी रडत होते का ते आठवत नाही.

घंटा झाली. चॅम्पियन मध्यावर येऊन उभा राहिला. कोच बाहेरून ओरडत होते, "ऊठ! अरे ऊठ!" आणि मला, "थोपटा ना त्याला!" बादलीकाका स्टूल ओढायला वाकलेले होते, त्यांनी हात काढून घेतला आणि सरळ उभे राहिले. पंच आले. विचारलं, येतोस का? त्याने हातमोज्यांकडे बघितलं, आणि मान हलवली. नाही. पंचांनी दोन्ही हात हवेत हलवले. संपलं.

लोकांनी आरडाओरडा केला, बाटल्या फेकल्या. कोच रिंगच्या पायरीवर डोकं धरून बसले. मी त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं, घामट, मलमाने चिकट झालेल्या. तो म्हणाला, "चल, डॉक्टरकडे." एवढंच. बाबा, मला त्या क्षणी पट्ट्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. देवाशपथ नाही वाटलं.

नंतर वाटलं. कपडे बदलायच्या खोलीत चॅम्पियन आला, पट्टा बाहेर ठेवून. याच्याशेजारी बसला. म्हणाला, "माझी एक बरगडी गेलीय. अजून एक फेरी मी टिकलो नसतो." हे ऐकलं आणि मी याच्या तोंडाकडे बघेना. हा काय म्हणाला असेल? म्हणाला, "मग दोघंही सुटलो म्हणायचं." आणि दोघं हसायला लागले. चॅम्पियन बरगडी धरून, हा डोळा धरून. मी म्हटलं, वेड्यांच्या बाजारात माझं लग्न लागलंय.

काल त्याने विषय काढला. दोन्ही डोळे मिटून पडला होता, म्हणून काढला असावा.

"थोपटायला विसरलीस?"

"नाही."

"वाटलंच." मग म्हणाला, "उठता येत होतं मला."

"माहीत आहे."

"सातव्या फेरीपासून अंधार होता डावीकडून. सांगायला तोंड उघडेना. म्हटलं, कोणीतरी थांबवा रे आता. आणि तू हात मागे घेतलास."

मी त्याचा हात धरला. तेव्हा तो जे बोलला ते मी तुम्हाला लिहू का विचारलं, तर म्हणाला, लिही, मला नाही जमणार. म्हणून त्याच्याच शब्दांत लिहिते.

"बाबांनी थांबवली तेव्हाही असंच व्हायला लागलं होतं. थोडंसंच. त्यांना कसं कळलं, देव जाणे. ते वर चढले तेव्हा इतकं बरं वाटलं मला, इतकं सुटल्यासारखं वाटलं, की त्याचीच लाज वाटली. आणि सगळी लाज त्यांच्यावर काढली."

असं आहे, बाबा. वर्षभर तुम्ही तिकडे आणि तो इकडे, आणि मधे एवढंच होतं.

तुमची सून

२ एप्रिल

बाबा,

पट्टी निघाली. दिसतंय! कडेला जरा धूसर आहे, तेही निवळेल म्हणतात. पट्टी काढल्यावर पहिलं काय दिसलं असेल? ठकी. समोर उभी, नाकाखाली पेनाने मिशा काढून. तो हसला आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या, रडायचं नाही, थेंब वाहून जातील. मग आम्ही बाकीच्यांनी रडून घेतलं.

रिंगमध्ये पुन्हा उतरायचं नाही असं लेखी मिळालंय. मला वाटलं होतं तोंड पाडून बसेल. कसलं काय! घरी आल्यापासून दिसेल ते खातोय, उशिरा उठतोय, ठकीला खांद्यावर घेऊन बाजारात जातोय. काल पोस्टरसमोर उभा राहून म्हणाला, "मिशा बऱ्या दिसतात मला." पेपरवाले 'पळपुटा' लिहितात ते मोठ्याने वाचून दाखवतो, आणि वाचता येतंय म्हणून खूश होतो. कधीमधी मुठी आवळून गप्प बसलेला दिसतो, नाही असं नाही. तेव्हा मी तिकडे जात नाही.

कोचही येऊन गेले. दारातच उभे. म्हणाले, "वहिनी, मी विचारायला नको होतं त्याला, बघायला हवं होतं." मी म्हटलं, आत या, चहा घ्या, आणि चहा पिईपर्यंत बोलू नका. दोन कप प्यायले बिचारे.

जिम पुन्हा उघडायचं चाललंय. पोरं रोज येऊन कुलूप बघून जातात. पण हा शिकवायला उभा राहिला की पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच पिशवीला मारायला लागतो. शिकवणं त्याला येत नाही, हे त्यालाही कळतं. किल्ल्या त्याने खिळ्याला लावून ठेवल्यात, तुम्ही लावायचात त्याच खिळ्याला. स्टुलाचे पाय कापून आणलेत. कोणासाठी, ते विचारलं तर सांगत नाही.

ताईंचा फोन आला होता. माझं मागचं पत्र तुम्ही पुन्हापुन्हा वाचलंत म्हणे, आणि मग माळ्यावरून बॅग खाली काढलीत. विचारलं तर म्हणालात, साफ करायचीय. बाबा, बॅग साफ झाली असेल तर रविवारच्या गाडीने निघा. तिकडे तुम्ही म्हणणार, त्याने बोलवायला हवं. इकडे तो म्हणतो, बाबांना यायचं असेल तर येतील. तुम्हा दोघांच्या तोंडाला कुलपं, आणि किल्ली शोधायची मी. आता बास झालं.

तो स्टेशनवर येणार आहे. मी सांगितलं म्हणून नाही. "रविवारी जरा तिकडे काम आहे" म्हणाला, आणि नवा शर्ट इस्त्रीला टाकला. गाडी थांबते तिथे पाण्याच्या नळाशेजारी बाक आहे, त्यावर बसलेला असेल. तुम्ही उतरलेले त्याला दिसाल, आता दोन्ही डोळ्यांनी दिसाल, पण तो उठून यायचा नाही. तुम्हाला वाटेल, अजून राग आहे. राग नाही, बाबा. पाय त्याचे ऐकत नाहीत.

तुम्ही काही बोलू नका. त्यालाही बोलायला लावू नका. मागून जा, बॅग खाली ठेवा, आणि उजव्या खांद्यावर दोनदा थोपटा.

थोपटायला माझा हात त्या दिवसापासून उचलला गेलेला नाही. तुमचा पोरगा तुमच्यासाठीच बसून राहिलाय.

तुमची सून